दुसऱ्या नळीची सवय

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी बायोकेमिस्ट्री विभाग सांभाळते. या कामात ज्या सवयीवर माझी सगळी भिस्त आहे, ती आपल्या शाळेच्या प्रयोगशाळेत लागली.

मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब पडले की दह्यासारखा पांढरा साका तयार व्हायचा आणि अख्खा वर्ग ओरडायचा, "क्लोराइड!" आमच्या विज्ञानाच्या बाई एवढ्यावर कधीच मान्य करत नसत. त्या धुण्याच्या सोड्याचं द्रावण घेऊन त्यात तेच थेंब टाकायच्या. तिथंही साका! मग दोन्ही नळ्यांत सौम्य नायट्रिक आम्ल. सोड्याची नळी फसफसून निवळायची, मिठाची होती तशीच. तिच्यात भरपूर अमोनिया घातल्यावर साका विरघळला, की बाई म्हणायच्या, "हं, आता लिहा क्लोराइड." सिल्व्हर नायट्रेटचे काळे डाग बोटांवर कितीतरी दिवस टिकायचे, आणि आम्ही ते मिरवायचो.

आज माझ्यासमोर रक्त असतं. त्यात सोडियम लिटरला साधारण १४० मिलिमोल, पोटॅशियम जेमतेम ४. दोघांवरचा विद्युतभार सारखाच. एवढ्या सोडियममधून नेमकं पोटॅशियम हेरतो तो इलेक्ट्रोडच्या, म्हणजे ते मोजणाऱ्या उपकरणाच्या, पडद्यातला व्हॅलिनोमायसिन हा कड्याच्या आकाराचा रेणू. त्याच्या पोकळीत पोटॅशियम नीट बसतं; सोडियम लहान, ते तिथं घट्ट धरलं जात नाही. आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, धरून ठेवणारी अशी कडी प्रयोगशाळेत बनवता येतात, हे चार्ल्स पेडरसन यांनी १९६७ मध्ये दाखवलं. त्यांच्याकडे पीएचडी नव्हती. १९८७ चं रसायनशास्त्राचं नोबेल क्रॅम आणि लेन यांच्यासोबत त्यांना मिळालं. शाळेतल्या मुलांना हे जरूर सांगावं.

तरीही पोटॅशियम ७ आलं की मी आधी नळी उजेडात धरते. सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर उरणारा द्रव, लालसर असेल, तर रक्त काढताना किंवा नेताना पेशी फुटून त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर आलेलं असू शकतं. इलेक्ट्रोडने आपलं काम चोख केलेलं असतं, पण ते पोटॅशियम आलं कुठून, हे तो सांगू शकत नाही. मग वॉर्डला फोन करून दुसरा नमुना मागवायचा. तो ४.२ आला, तर रुग्णाला नको ते औषध जाण्याचं टळतं.

नववी-दहावीच्या मुलांना एखाद्या शनिवारी आमच्या लॅबमध्ये जरूर पाठवा. इलेक्ट्रोड हातात देऊन सगळं दाखवीन.