उचलता येणारी चूक, तोडावी लागणारी चूक

वडोदरा, ९ जून

बारावीचे निकाल लागले की दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या मराठी घरांत पुढे काय करायचं याचा खल सुरू होतो. हल्ली त्यात इंटिरिअरचं नाव हमखास निघतं. मुलगी रंग छान निवडते, दिवाळीला घर सुरेख मांडते, मग तिला या लाइनला घालायचं का? डोळ्याची जाण तर लागतेच. पण त्याआधी तिला एक प्रश्न विचारावा: कोणत्या चुकीची जबाबदारी घ्यायची तुझी तयारी आहे?

या लाइनमध्ये दोन वेगळी कामं आहेत, स्टायलिंग आणि डिझाईन. स्टायलिस्टचं काम सुतार, इलेक्ट्रिशियन, प्लंबर निघून गेल्यावर सुरू होतं. पडदे, उशा, गालिचे, दिवे, भिंतीवरच्या तसबिरी, फोटोशूटसाठी किंवा दुकानासाठी मांडणी. गालिचा लहान पडला तर उचलून दुसरा टाकता येतो. इंटिरिअर डिझायनरचं तसं नाही. तिची चूक स्क्रूने आवळलेली असते, टाइलखाली पुरलेली असते. सिंकखालचं ड्रेन चार इंच चुकलं तर ओटा फोडावा लागतो. ज्याला तीन महिने एका साइटवर धुळीत उभं राहून मोजमापं तपासायचा कंटाळा येत नाही, त्याने डिझाईनकडे जावं. ज्याला आठवड्यात काम उभं करून, फोटो काढून दुसऱ्या कामाकडे वळायला आवडतं, त्याने स्टायलिंग धरावं. यात कमीजास्त काही नाही. पण दोन्हींची तयारी वेगळी आहे, आणि हे फी भरण्याआधी कळलं पाहिजे.

१० जून

शिकायचं कुठे? इथे सयाजीराव विद्यापीठाच्या जुन्या होम सायन्समध्ये, म्हणजे आताच्या फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेसमध्ये, हा विषय आहे. फाइन आर्ट्सची फॅकल्टी १९५० पासूनची. डोळा आणि हात घडवायला ती मोठी जागा. अहमदाबादला सेप्ट विद्यापीठ आहे. खाजगी डिप्लोमा तर गल्लोगल्ली. तिथे भिंतीवरची चकचकीत थ्रीडी चित्रं पाहून भुलू नये. तीनच गोष्टी विचाराव्या: विद्यार्थ्यांना चालू साइटवर नेता का? वर्किंग ड्रॉइंग काढून घेता का, म्हणजे सुतार ज्यावरून थेट कापू शकेल असं? मालाची यादी आणि खर्चाचा तक्ता करून घेता का? तिन्हीला ‘हो’ नसेल, तर तो कोर्स सॉफ्टवेअरचा आहे.

आणि एक कायद्याची बाब. १९७२ च्या आर्किटेक्ट्स अॅक्टप्रमाणे कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असल्याशिवाय कुणालाही स्वतःला ‘आर्किटेक्ट’ म्हणवता येत नाही. इंटिरिअर डिझायनरला तशी नोंदणी लागत नाही. त्यामुळे दार उघडं आहे, पण कार्डावर काय छापायचं ते नीट पाहावं. बीम-कॉलमला हात लावायची वेळ आली, की स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय एक छिद्रसुद्धा पाडू नये.

१२ जून

आज फक्त मापांविषयी, कारण नव्या मुलांचे पैसे इथेच बुडतात.

पाच मीटरचा टेप, सुतळी, ओळंबा (दोरीला टांगलेलं वजन, सरळ उभी रेष पाहायला), गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), वही. लेझर मीटर नंतर घ्यावा. खोली मोजायला घेतली की चारही भिंतींची लांबी जमिनीपाशी, कमरेपाशी आणि डोक्याच्या वर अशी तीनदा मोजायची. मग दोन्ही कर्ण. कर्ण सारखे आले नाहीत तर खोली गुण्यात, म्हणजे काटकोनात, नाही. रावपुऱ्यातल्या जुन्या घरांत भिंत खालपासून वरपर्यंत इंच-दीड इंच कललेली सापडते. नव्या फ्लॅटमध्येही अर्धा इंच काही नवल नाही. कपाट भिंतीत बसवायचं असेल तर तीन मापांतलं सर्वांत लहान धरायचं आणि उरलेली फट सुताराला पट्टी मारून झाकू द्यायची. मोठं माप धरलं तर कपाट त्या जागेत बसतच नाही.

जे लोक विसरतात: बीमच्या खालची उंची, स्विचबोर्ड जमिनीपासून किती, दार कुठल्या बाजूला उघडतं, एसीच्या पाण्याची नळी, स्कर्टिंगची, म्हणजे भिंतीच्या पायथ्याशी लावलेल्या पट्टीची, जाडी. जुन्या फरशीवर नवी टाइल बसणार असेल तर तीही. ओट्याची उंची साधारण ३४ इंच, पण ती तयार फरशीपासून. टाइलवर टाइल आली की अर्धा-पाऊण इंच गेला. रोज उभं राहून पोळ्या लाटणाऱ्या बाईच्या कोपराखाली चार इंच हे माप मला कुठल्याही तक्त्यापेक्षा भरवशाचं वाटतं.

१३ जून

प्लायचा हिशोब. हा एकदा स्वतः कागदावर करून पाहिल्याशिवाय कुणी ‘मला इंटिरिअर येतं’ म्हणू नये, इतकं मला हे महत्त्वाचं वाटतं.

कपाट ६ फूट रुंद, ७ फूट उंच, २ फूट खोल. त्याला १८ मिलिमीटरच्या तीन उभ्या फळ्या, ७ बाय २ च्या. वरची-खालची मिळून दोन, ६ बाय २ च्या. कप्प्यांच्या पाच फळ्या, साधारण ३ बाय २ च्या. दरवाजे चार, ७ बाय दीडचे. सगळं क्षेत्रफळ १३८ चौरस फूट. प्लायची शीट ८ बाय ४, म्हणजे ३२ चौरस फूट. भागाकार केला की ४.३ येतात, आणि नवा माणूस पाच शीट लिहून मोकळा होतो.

लागतात सहा. कारण ४ फुटी शीटमधून २ फुटी पट्ट्या दोनच निघतात, आणि दीड फुटी दरवाजेही दोनच. उरलेल्या एक फुटी पट्टीतून यातला एकही भाग निघत नाही. उभ्या फळ्यांना तीन पट्ट्या, वर-खाली दोन, कप्प्यांना अडीच, दरवाज्यांना चार. एकूण साडेअकरा. एका शीटला दोन पट्ट्या, म्हणून सहा शीट. मागच्या बाजूला ६ मिलिमीटरच्या आणखी दोन. उरलेल्या एक फुटी पट्ट्या ड्रॉवरच्या बाजूंना वापरायच्या, हे कापण्याआधी ठरवायचं. म्हणून दुकानात जाण्याआधी प्रत्येक शीट कागदावर आखून त्यात तुकडे बसवून पाहायचे.

प्लाय घेताना छाप वाचावा. आयएस म्हणजे भारतीय मानक. आयएस ३०३ म्हणजे घरातल्या सामान्य वापराचा. त्यातही एमआर (ओल सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) असे दोन प्रकार, बीडब्ल्यूआर पाण्याला जास्त टिकतो. सिंकखाली मात्र आयएस ७१० चाच, म्हणजे मरीन प्लाय. बडोद्यात जून-जुलैत हवा एकाएकी दमट होते. सनमायका दरवाज्याच्या एकाच बाजूला लावला असेल तर दुसरी बाजू दमट हवेत फुगते आणि दरवाजा धनुष्यासारखा वाकतो. बिचाऱ्या सुताराला मग उगाच बोल लागतात. बाहेरून एक मिलिमीटर असेल तर आतूनही सनमायका हवाच, थोडा पातळ चालेल. ७ फुटी दरवाज्याला दोन-तीन बिजागऱ्या पुरत नाहीत. चार लावाव्या, जड असेल तर पाच.

१५ जून

स्टायलिंगवाल्यांनी हिशोबातून सुटका मानू नये. पडद्याचं कापड बहुतेक ४८ इंच पन्ह्याचं येतं. पडद्याच्या रॉडची लांबी इंचात घेऊन २० ने भागायची, तेवढे पट, म्हणजे कापडाचे तेवढे उभे तुकडे. रॉड ६० इंच, तर तीन पट. चुण्या छान पडतात. उंची ८४ असेल तर शिलाई आणि मुडपणीला १२ इंच धरून ९६. तीन पटांना २८८ इंच, म्हणजे साडेसात मीटर घ्यायचं. पण कापडावर २७ इंचांनी परत येणारी मोठी नक्षी असेल तर? प्रत्येक पट नक्षीच्या पूर्ण फेऱ्यांत कापावा लागतो, ९६ चे १०८ होतात आणि कापड सव्वाआठ मीटर लागतं. हे विसरलं की शिवल्यावर शेजारच्या पटांतली फुलं वरखाली दिसतात. सुती कापड आधी भिजवून, वाळवून मगच कापायला द्यावं.

तसबिरीचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंच. जेवणाच्या टेबलावरचा दिवा टेबलापासून ३० ते ३६ इंच वर. एकाच खोलीत ३००० केल्विनचा पिवळसर दिवा आणि ६५०० ची पांढरी ट्यूब एकत्र लागली की फोटोत अर्धी भिंत निळी येते. रंगाचा नमुना दोन फूट बाय दोन फूट भिंतीवर लावून सकाळी आणि दिवे लागल्यावर, असा दोन्ही वेळा पाहावा. छोट्या कार्डावरून निवडलेला रंग पूर्ण भिंतीवर जास्त गडद वाटतो.

पैशांचं थोडक्यात. फी चौरस फुटावर घ्या, खर्चाच्या टक्क्यावर घ्या किंवा ठोक घ्या, पण कागदावर किती भेटी, किती वेळा बदल आणि कोणत्या टप्प्यावर किती पैसे हे लिहा. नातेवाइकांच्या कामात तर आधी लिहा. दुकानदाराकडून कमिशन घेत असाल तर घरमालकाला ते सांगा. न सांगता घेतलेले पैसे ही चोरीच, असं माझं स्पष्ट मत आहे.

१६ जून

झोपाळ्याबद्दल लिहायचं राहिलं, आणि बडोद्यात त्यावाचून दिवाणखाना पुरा होत नाही. इथून तासा-दीड तासावर संखेडा आहे. तिथलं कातीव, लाखेचं, लालसर-सोनेरी रंगाचं सागवानी काम घरात आणायची पुष्कळांना हौस असते. लाख उष्णतेने मऊ पडते. त्यामुळे हा झोपाळा पश्चिमेच्या उन्हात ठेवू नये, आणि त्यावर गरम पातेलं तर कधीच नाही.

पाट दोन फूट खोल. पुढे-मागे तीन-तीन फूट मोकळे हवेत, म्हणजे आठ फूट. चार फुटी पंखा बरोबर वर असेल तर झोपाळ्याच्या सळ्या पात्यांना लागतील. पंखा आधी सरकवायचा. झोपाळा ज्या कड्यांना टांगायचा त्यांचा भार स्लॅब किंवा बीमनेच घ्यायचा, फॉल्स सीलिंगच्या पत्र्याच्या चौकटीने कधीही नाही. नवं बांधकाम असेल तर काँक्रीट ओतण्याआधी कड्या सळईला बांधून घ्याव्या. जुनं असेल तर इंजिनिअरने जागा दाखवल्यावरच ड्रिल. झोके घेताना भार खाली-वर आणि आडवाही येतो, म्हणून नुसता खुंटा ठोकून चालत नाही.

कड्यांची जागा छतावर खडूने आखून, तिथून ओळंबा सोडून खाली जमिनीवर चार खुणा कराव्या. त्या खुणांभोवती पुठ्ठ्याचा पाट ठेवून घरातल्यांना एक दिवस वावरू द्यावं. मगच छताचं पीओपी करणाऱ्याला तारीख द्यावी.