प्रोसेसर बदलला आणि स्क्रीन काळीच राहिली

नवा प्रोसेसर बसवला, बटण दाबलं, पंखे फिरले, पण स्क्रीनवर काहीच नाही. संशय लगेच नव्या प्रोसेसरवर जातो. मुळातच बिघडलेला नवा प्रोसेसर फार क्वचित हाती येतो. बहुतेक वेळा मदरबोर्डला तो ओळखताच येत नसतो, नाहीतर बसवताना काहीतरी राहून गेलेलं असतं. परत करायची घाई नको.

आधी मशीन नेमकं कुठे अडतंय ते बघा. बऱ्याच मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (मेमरी), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (सुरू होणं) अशा नावांचे चार बारीक दिवे असतात. जो दिवा पेटलेलाच राहतो, तपास तिथून सुरू करायचा. मशीन एक-दोन सेकंद चालून बंद पडत असेल, तर प्रोसेसरजवळची १२ व्होल्टची आठ पिनांची केबल तपासा. कूलर काढताना हात जावा म्हणून ती सोडवली जाते आणि तशीच राहते. एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, ग्राफिक्स कार्डासाठी येणारी केबलही आठ पिनांचीच असते, पण ती ६ अधिक २ अशी सुटते, प्रोसेसरची ४ अधिक ४ अशी. एकीच्या जागी दुसरी जोर लावून कधीच बसवू नका.

सगळ्यात जास्त मशीनं अडतात ती बायोसपाशी, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातच साठवलेल्या प्रोग्रॅमपाशी. सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसायची जागा, जुळला म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नाही. एएमडी प्रोसेसरांसाठीचे बी४५० चिपसेटचे बोर्ड २०१८ साली आले, एएमडीचीच रायझन ५००० मालिका २०२० च्या अखेरीस. त्या बोर्डाला हा प्रोसेसर नव्या बायोसशिवाय कळत नाही. एलजीए १७०० सॉकेटच्या ६०० मालिकेतल्या बोर्डांवर इंटेलचे तेराव्या-चौदाव्या पिढीचे प्रोसेसर चालतात, पण तिथेही बायोस ताजा लागतो. उलट, इंटेलच्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर आठव्या पिढीचा प्रोसेसर नीट बसतो, सॉकेटचं नावही एलजीए ११५१ असंच असतं, तरी कंपनीच्या कुठल्याही बायोसने तो चालत नाही. म्हणून आपल्या बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन बघून उत्पादकाच्या यादीत प्रोसेसर शोधा. त्याच्यापुढे किमान बायोस आवृत्ती दिलेली असते.

जुना प्रोसेसर हाताशी असेल तर तो परत लावा, बायोस अपडेट करा, मग बदला. नसेल, तर बोर्डाच्या मागच्या बाजूला पेन ड्राइव्हवरून थेट बायोस भरणारं बायोस फ्लॅशबॅकचं बटण आहे का बघा. त्याला प्रोसेसर किंवा रॅम लागत नाही. एसएमपीएसच्या केबली जोडलेल्या असल्या की पुरे. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, झिप उघडून आतली फाइल मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या नावाने ठेवा आणि पेन ड्राइव्ह नेमून दिलेल्याच यूएसबी पोर्टात लावा. मग बटण दाबून धरा. त्याचा दिवा पाच-दहा सेकंदांतच लुकलुकायचा थांबला तर फाइल वाचली गेलेली नाही. नाव किंवा फॉरमॅट चुकलंय. नीट चालू असेल तर काही मिनिटं लागतात आणि तेवढ्यात वीज जाता कामा नये. आणखी एक: १६ एमबीची बायोस चिप असलेल्या काही एएम४ (एएमडीचा जुना सॉकेट) बोर्डांवर नव्या प्रोसेसरांना जागा करायला जुन्यांचा आधार काढलेला आहे. अपडेटनंतर जुना प्रोसेसर बंद वाटला तर आधी त्या आवृत्तीची टिपण वाचा.

चित्र न येण्याचं कारण कधीकधी अगदी साधं असतं. रायझन ५६००जी मध्ये ग्राफिक्स आहे, ५६००एक्स मध्ये नाही. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तरी तेच. अशा वेळी मॉनिटरची केबल बोर्डाला लावून उपयोग नाही, वेगळं कार्ड हवंच.

डीरॅमचा दिवा पेटलेला असेल तर एएम५ (एएमडीचा नवा सॉकेट) बोर्डावर आधी दहा-पंधरा मिनिटं नुसतं थांबा. डीडीआर५ मेमरीचं पहिलं ट्रेनिंग, म्हणजे बोर्डाने तिच्याशी जुळवून घेणं, वेळखाऊ असतं आणि मध्येच मशीन बंद केलं की ते पुन्हा सुरू होतं. नंतर वीज काढून सीमॉस क्लिअर करा (बायोसच्या साठवलेल्या सेटिंग पुसा), म्हणजे जुन्या प्रोसेसरसाठी लावलेलं एक्सएमपी, म्हणजे मेमरीचा वाढीव वेग, पुसलं जाईल. चार स्लॉटच्या बोर्डावर रॅमची एकच स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावून बघा.

तरीही हाललं नाही तर कूलर उतरवा. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरला असतात, आणि कूलरखालच्या सुकलेल्या थर्मल पेस्टमुळे तो कूलरला चिकटून, लिव्हर बंद असतानाच उपटला जातो. कूलर काढण्याआधी मशीन चालू शकत असेल तर पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम करा, बंद करा, आणि कूलर वर न ओढता आधी डावी-उजवीकडे फिरवा. वाकलेली पिन पातळ ब्लेडने अगदी हळू सरळ करता येते. एएम५ आणि इंटेलमध्ये पिना सॉकेटमध्ये असतात. तिथे तिरपा उजेड पाडून बघा, बोट लावू नका. एखादी पिन वाकली तर कधी फक्त एक मेमरी चॅनल गायब होतो, म्हणजे काही स्लॉटमधली रॅम दिसत नाही. कूलरचे स्क्रू एका बाजूने जास्त आवळले तरी हेच घडतं. ते सैल करून आलटून पालटून, समोरासमोरचे आवळा.

चित्र आलं आणि एफटीपीएम (प्रोसेसरमधली सुरक्षा-किल्ल्यांची तिजोरी) रीसेट करायचा का असा प्रश्न विचारला गेला, तर हात आवरा. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद ठेवणारं साधन) चालू असेल आणि रिकव्हरी की जवळ नसेल, तर वाय दाबल्यावर डेटा कुलूपबंद होऊ शकतो. एन दाबा, जुना प्रोसेसर लावा, की जपून ठेवा, बिटलॉकर तात्पुरतं थांबवा आणि मगच पुढे जा. बायोस अपडेटने सेटिंगही मूळपदावर येतात. विंडोज सापडत नसेल तर बायोसमधल्या सीएसएम (जुन्या पद्धतीने सुरू होणं), रेड किंवा व्हीएमडी (डिस्क जोडण्याच्या पद्धती) या सेटिंग आधी जशा होत्या तशा करा.

सगळं करूनही काही नाही, तर जुना प्रोसेसर लावून निवाडा करा. नव्या बायोसवर जुना व्यवस्थित चालला आणि नवा यादीत असूनही गप्प राहिला, तर तो प्रोसेसर दुसऱ्या जुळणाऱ्या बोर्डावर लावून बघा. तिथेही नाही चालला तर वॉरंटीत द्या. यादीत असलेला जुनाही चालेना, तर खोट बोर्डात किंवा सॉकेटच्या पिनांत असण्याची शक्यता जास्त.