पट्ट्याखाली विरलेली लोकर

इंग्लंडच्या उत्तरेला, रोमन सम्राट हेड्रियनने बांधवलेल्या भिंतीलगत, रोमन सैनिकांच्या वेशात दिवसचे दिवस चालणाऱ्या एका पथकाचे कपडे मी सांभाळते. रफू, ठिगळं, चामड्याचे टाके, सगळं माझ्याकडे. त्या दिवशी चॉलरफर्ड ते वन्स ब्रूड अशी सुमारे 19 किलोमीटरची चाल होती. सकाळभर पाऊस.

मला काळजी होती खांद्यांची. लोखंडी कड्यांचं चिलखत नऊ-दहा किलोचं, म्हणून अंगरख्यांना खांद्यांवर मी आतून दुहेरी कापड लावलं होतं. संध्याकाळी तंबूत एकेक अंगरखा हातात घेतला तर खांदे शाबूत! विरली होती ती कमरेची लोकर. चालताना सगळ्यांनी पट्टे करकचून आवळले होते. तसं केलं की चिलखताचं बरंच ओझं खांद्यांवरून कमरेवर उतरतं आणि माणसाला हायसं वाटतं. पण मग प्रत्येक पावलागणिक पट्ट्याखालच्या कड्या ओल्या लोकरीवर घासत राहतात. एका अंगरख्यावर गंजाचा तांबूस पट्टा कमरेभर उमटला होता. उजवीकडे, तलवार लटकते तिथे, कापड दिव्यासमोर धरलं तर पलीकडची ज्योत दिसत होती.

बुटांचं दुखणं वेगळं. तळाचे खिळे गवतात, चिखलात छान रुततात; डांबरी रस्ता लागला की घसरतात आणि भराभर झिजतात. टाचेच्या बाहेरच्या कडेचे बरेच खिळे सपाट झाले होते, काही गळूनच पडले होते. उरलेल्यांभोवती काळी वर्तुळं धरली होती. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना त्याला लोखंड लागलं की ते असं काळवंडतं.

पण त्या रात्री माझा सगळ्यात जास्त वेळ गेला मोज्यांवर. जवळच्याच विंदोलांडाच्या जुन्या रोमन किल्ल्यात एका लहान मुलाचा मोजा सापडला आहे, लोकरीच्या कापडाचे तुकडे शिवून केलेला. आमचेही मोजे तसेच शिवलेले. पथकातल्या सगळ्यात लहान मुलाच्या मोज्याची शिवण मी नेमकी टाचेखाली घेतली होती. त्याच्या टाचेवर रुपयाएवढा फोड आला होता आणि तो दिवसभर एका शब्दाने बोलला नव्हता. मला फार वाईट वाटलं.

विंदोलांडालाच सापडलेल्या एका लाकडी पाटीवर मोजे, दोन जोड सपाता आणि दोन अंतर्वस्त्रं पाठवल्याचा मजकूर आहे. तो मी कितीदा वाचला असेन. पण पाठवणाऱ्याची निकड कळली ती हातात तो फाटका मोजा असताना.

शिवण उसवून घोट्याकडे वर घेतली, आजी गोधडीला घालायची तसा बारीक धावदोरा घातला. सकाळी त्याने मोजा चढवला, चार पावलं टाकली आणि मान डोलावली. मी लगेच पट्ट्यांखाली लावायच्या लिननच्या घड्या कापायला घेतल्या. निघायला अजून तास होता.