थुटाची साक्ष

नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-हरसूल पट्ट्यात खैर चोरीला जातो तो कातासाठी. झाडाचा बाहेरचा फिकट भाग कामाचा नसतो. आतल्या लाल गाभ्याच्या चिपा करून उकळल्या की कात निघतो. म्हणून चोर जंगलातच खोड सोलतात आणि नुसता गाभा उचलतात. गुजरातची हद्द जवळच आहे. गाडी एकदा कपराड्याकडे उतरली की शोध फार अवघड होतो.

मी या पट्ट्यात वनरक्षक आहे. त्या पहाटे नाक्यावर आम्ही एक पिकअप अडवली. चालकाने न मागताच वाहतूक पास पुढे केला. पास खरा होता. मालकीतला खैर, गट नंबर, शिक्का, सगळं बरोबर. वरच्या ओंडक्यांवर वनखात्याच्या हातोड्याचे ठसेही होते. तरी वनपाल साहेबांनी माल खाली उतरवायला लावला. खालच्या थरातले ओंडके कोरे निघाले, आणि घाईत सोललेले.

"तेही त्याच शेतातले. ठसा मारायचा राहिला," चालक म्हणाला.

अशा ठिकाणी प्रकरणं ढिली पडतात. भारतीय वन अधिनियम 1927 च्या कलम 69 नुसार वनोपज सरकारचंच आहे असं धरून चालतात. तसं नाही हे समोरच्याने सिद्ध करायचं असतं. पण त्याच्या हातात खरा पास असला की नुसत्या कलमावर भागत नाही. लाकूड नेमकं कुठल्या थुटावरचं, म्हणजे तोडल्यावर जमिनीत उरलेल्या कुठल्या बुंध्यावरचं, ते दाखवावं लागतं. पंचांसमोर कोऱ्या ओंडक्यांच्या बुडाकडच्या चकत्या कापून घेतल्या, एकेकीवर नंबर टाकला आणि पासावरचं शेत गाठलं.

शेतकरी म्हातारे होते. त्यांनी आम्हाला बांधावर नेऊन एकेक थूट दाखवलं. "बाई, मी पाचच झाडं दिली. कागदावर अंगठा घेतला, किती लिहिलं ते कुणी वाचून दाखवलं नाही." पाच थुटांवर पाच ठसे होते. गाडीतला माल पाच झाडांचा नव्हता, हे तिथेच कळलं. निघताना बाबांनी एवढंच सांगितलं, की वरच्या नाल्याकडे दोन रात्री कुत्री सारखी भुंकत होती.

नाल्याच्या वर राखीव जंगल सुरू होतं. थुटं सहज सापडली नाहीत, कारण त्यांच्यावर माती आणि शेण थापून वर पाचोळा लोटला होता. माग लागला तो फांद्यांमुळे. खैराचा शेंडा काट्यांनी भरलेला असतो, तो वाहून नेण्याच्या फंदात कुणी पडत नाही. नाल्यात हिरव्या फांद्यांचा ढीग दिसला, आणि आमच्या वनमजुराने तिथून वर एकेक जागा हाताने चाचपत नेली. थुटांवर पाणी ओतलं तसा लालबुंद ताजा काप उघडा पडला.

मग चकत्या जुळवायला बसलो. एका चकतीत मधोमध चंद्रकोरीसारखी पोकळी होती. तिसऱ्या थुटावर तीच पोकळी, तसाच बाक, शेजारची भेगसुद्धा तीच. चकती वर ठेवली तर फट राहिली नाही. पंचांनी स्वतः हात फिरवून पाहिलं, मोजपट्टी धरून फोटो काढले, घेर लिहून घेतले. तोडीचा पुरावा इतका स्वच्छ मिळालेला मी क्वचित पाहिला आहे.

माझा जीव जळला तो वेगळ्याच गोष्टीने. आजूबाजूच्या कोवळ्या खैरांनाही कुऱ्हाडीचे घाव होते. गाभा धरला आहे का, एवढं बघायला घातलेले. गाभा धरायला खैराला वर्षानुवर्षं लागतात. नेण्याजोगी नसलेली ही झाडं जखमा घेऊन उभी होती, आणि जप्तीच्या मालात त्यांचा हिशेब कुठे येत नाही. मी ती पंचनाम्यात वेगळी लिहायला लावली. साहेबांना उशीर होत होता, तरी त्यांनी लिहू दिली.

संध्याकाळी गाडी आणि माल डेपोत जमा झाला. तोडणारी पोरं जवळपासच्या पाड्यांवरचीच निघाली, रोजावर आलेली. पैसा लावणारा व्यापारी मात्र गाडीत नव्हता. चालकाच्या जबाबावरून त्याचं नाव गुन्ह्यात आलं आणि गाडी सरकारजमा करण्याची कारवाई सुरू झाली.

काही दिवसांनी तेच बाबा कार्यालयात आले. पाड्यावरचे आणखी तिघे शेतकरी सोबत होते, त्यांच्याही बांधावरचा खैर त्याच व्यापाऱ्याने घेतलेला. त्यांना आपापल्या झाडतोडीच्या परवानगीची नक्कल हवी होती. मी ती काढून प्रत्येकाला झाडांचा आकडा वाचून दाखवला. दोघांच्या कागदावर त्यांनी विकल्यापेक्षा जास्त झाडं होती. त्यांचे जबाब त्याच दिवशी घेतले.