निर्लेखनाच्या यादीतला असूड

मार्च संपला की आमच्या ग्रंथालयात निर्लेखनाची यादी निघते. वाळवी लागलेली, पानं सुटलेली आणि वर्षानुवर्षं कुणी न नेलेली पुस्तकं दप्तरातून कमी करायची आणि कपाटं मोकळी करायची. पूर्वी हे काम कपाटापुढे उभं राहून व्हायचं. पुस्तक हातात घ्यायचं, तारीखचिठ्ठी बघायची, बांधणी तपासायची, दुसरी प्रत आहे का ते दाखल नोंदवहीत पाहायचं आणि मग ठरवायचं. आता ती यादी कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर काढून देतं: अमुक तारखेनंतर एकदाही निर्गमित न झालेल्या, म्हणजे वाचकाला न दिलेल्या, प्रती. कार्यवाहांनी यंदाची यादी माझ्या टेबलावर ठेवली, ‘ताई, एक नजर टाका आणि सही करा’ म्हणाले, आणि त्याच दिवशी दुपारी सासवडहून एक मुलगी आली. ती दुसऱ्या कुठल्या दिवशी आली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून पाठ सोडत नाही. म्हणून लिहायला बसले आहे.

आमचं ग्रंथालय सार्वजनिक आहे, पुण्याच्या जुन्या पेठेतलं. अप्पा बळवंत चौक चालत जाण्याच्या अंतरावर. मी इथे देवघेवीच्या खिडकीवर लागले, पुढे तालिकीकरण, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करण्याचं काम, हाती आलं आणि संगणक आल्यावर तेच काम पुन्हा पहिल्यापासून शिकले. ज्या एजन्सीने संगणकीकरण केलं तिचं प्रशिक्षण म्हणजे एका सकाळी भराभर सरकवलेले पडदे. मी खरं शिकले ते घरी, रात्री, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधले कोहाचे धडे थांबवत थांबवत बघून. कोहा ही मुक्त प्रणाली आहे. न्यूझीलंडमधल्या एका लहान ग्रंथालय संस्थेसाठी ती तयार झाली, २००० सालच्या जानेवारीत तिथे सुरू झाली आणि आज कुणालाही विनामूल्य वापरता येते. माझा तिच्यावर राग नाही. हे आधीच सांगते, कारण ‘कार्डंच बरी होती’ म्हणणारे आमच्या क्षेत्रात पुष्कळ आहेत आणि मी त्यांच्यातली नाही.

ती मुलगी एम.ए. करत होती. म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या ओपॅकवर दिसत नाहीये, पण आमचे सर म्हणाले जुन्या ग्रंथालयांत प्रत्यक्ष जाऊन विचार.’ तिने फोन पुढे केला. ओपॅकच्या, म्हणजे आमच्या ऑनलाइन ग्रंथसूचीच्या, शोधचौकटीत तिने लिहिलं होतं ‘शेतकऱ्याचा असूड’ आणि खाली उत्तर होतं, एकही नोंद नाही. मी माझ्या संगणकावर तेच टाकलं. नाही. ‘आसूड’ टाकलं, कारण दोन्ही रूपं चालतात. नाही. लेखकाचं नाव ‘फुले’ टाकलं, तर चरित्रं आली, गौरवग्रंथ आले, हे पुस्तक नाही. शेजारचा तरुण सहकारी मान वर न करता म्हणाला, ‘नाही दाखवत म्हणजे नसणारच.’ मुलगा कामाचा आहे, बारकोडचं सगळं काम त्याने एकट्याने ओढलं. पण त्याच्या पिढीचा पडद्यावर जो विश्वास आहे, तो मला कधीच बसलेला नाही.

जोतीराव फुल्यांनी हे पुस्तक १८८३ साली पुरं केलं, ते याच शहरात राहून. त्यांचा वाडा गंज पेठेत आहे. १८४८ साली मुलींची शाळा त्यांनी जिथे काढली, तो भिडे वाडा २०२३ मध्ये पाडला गेला, पण त्याची जागा आमच्या दारातून निघालं की काही मिनिटांवर. याच पुस्तकाच्या आरंभीच्या ओळी महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेल्या असतात. पुण्यातल्या एवढ्या जुन्या ग्रंथालयात ते नाही, हे मला पटेचना.

तेवढ्यात आमचे शिपाईमामा फडकं घेऊन तिथून चालले होते. ‘कुठलं? असूड? मागच्या खोलीत, खिडकीलगतचं कपाट, खालून दुसरा खण. दोन प्रती आहेत. एकीची पाठ लाल.’ गेले आणि दोन्ही घेऊन आले. मामांनी हयात या कपाटांमध्ये घालवली, पण संगणकीकरणाच्या एकाही बैठकीला त्यांना कुणी बसवलं नाही. एजन्सीची माणसं पुस्तकं मोजत होती तेव्हा मामा त्यांना चहा देत होते. मला हे तेव्हाही खटकलं होतं.

मुलगी वाचनकक्षात जाऊन बसली. मी लाल पाठीची प्रत उघडली. तारीखचिठ्ठी शिक्क्यांनी भरलेली, एक संपली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली. शिक्के दाटीवाटीने येत होते आणि एका ठिकाणी थांबले होते. ते वर्ष मला पाठ आहे. त्याच वर्षी कार्डांची लाकडी कपाटं दिवाणखान्यातून उचलून माळ्यावर गेली आणि सभासदांनी ओपॅकवर शोधायचं असं ठरलं.

मग मी बारकोड मारला आणि नोंद उघडली. म्हणजे पुस्तक प्रणालीत होतं! शीर्षकाच्या २४५ क्रमांकाच्या टॅगमध्ये, म्हणजे नोंदीतल्या रकान्यात, लिहिलं होतं, ‘शेतकर्याचा असुड’. रफार य च्या डोक्यावर, सू ऱ्हस्व. लेखकाच्या १०० क्रमांकाच्या टॅगमध्ये ‘फूले’, फू दीर्घ. वर्गांक ६३०, म्हणजे शेती. शीर्षकात शेतकरी दिसला आणि कुणीतरी शेतीच्या खतांशेजारी नेऊन ठेवला. शेतकऱ्याच्या लुबाडणुकीचा हा ग्रंथ ड्यूई वर्गीकरणाच्या ३०५ मध्ये, समाजगटांत, जायला हवा. मामांनी तो वर्गांक न जुमानता जुन्याच खणात ठेवला होता, म्हणून मिळाला.

हा रफार कुठून आला, ते जरा सविस्तर सांगते, कारण आमच्या धंद्याबाहेर हे कुणाला दिसत नाही. आमची जुनी यादी युनिकोड ही संगणकात अक्षरं साठवायची प्रमाण पद्धत येण्याआधीच्या एका फॉन्टमध्ये टंकलेली होती. त्या फॉन्टमध्ये अक्षर साठवलं जात नाही, अक्षराचा आकार साठवला जातो. ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते म्हणून आधी, रफार नंतर दिसतो म्हणून नंतर. युनिकोडमध्ये क्रम उच्चाराचा असतो. एकातून दुसऱ्यात नेणारा परिवर्तक घाईत लिहिलेला असला तर वेलांट्या आणि रफार भलत्या अक्षरावर बसतात. त्यात आपल्या ‘शेतकऱ्या’मधला तो आडवा अर्धा र सगळ्यांत नाजूक. तो युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक, नुक्त्याचा ऱ घेऊन त्याला हलन्त आणि पुढे य. इन्स्क्रिप्ट कळफलकावर र ची कळ शिफ्ट धरून दाबली की हा ऱ उमटतो. दुसरी जुनी तऱ्हा म्हणजे साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं ‘झीरो विड्थ जॉइनर’ नावाचं चिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, शोधयंत्राला मात्र ते दोन वेगळे शब्द. आणि परिवर्तनात ते अदृश्य चिन्ह गळून पडलं की उरतो र, हलन्त, य, आणि रफार जाऊन बसतो य वर. आमच्याकडे तेच झालं होतं. एजन्सीला नोंदीमागे पैसे मिळत होते. नोंद वाचायचे मिळत नव्हते.

हे कळल्यावर मी निर्लेखनाची यादी पुन्हा हातात घेतली. असूडच्या दोन्ही प्रती त्यात होत्या. शेरा: ‘निर्गम शून्य’.

तिथून पुढे मला पान उलटवेना. एकेका ओळीवर बोट ठेवून वाचत गेले. गावकर्यांचा, वार्याचा, किनार्यावर, कष्टकर्यांचे. त्यांच्याखाली ‘वाड्मय’ची रांगच. ङ इन्स्क्रिप्टवर ह च्या कळीवर शिफ्ट धरून मिळतो, ते ठाऊक नसलेला माणूस ड टंकतो आणि पुढे जातो. मग ‘समग्र वाङ्मय’ नीट लिहून शोधणाऱ्या सभासदाला एकही समग्र वाङ्मय दिसत नाही. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक हरवलंच समजावं, असं आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. इथे पुस्तक आपल्या खणात होतं आणि तरी हरवलं होतं. सापडत नाही म्हणून कुणी नेत नाही, कुणी नेत नाही म्हणून यादीत येतं, यादीत येतं म्हणून रद्दीत जातं. प्रत्येक पायरीवर प्रणालीने दिलेली माहिती खरी होती. निर्गम खरोखरच शून्य होता.

त्या दिवसापासून मी एसक्यूएलचे अहवाल लिहायला शिकले. कोहात तशी सोय आहे. आपली मागणी ठरावीक भाषेत लिहायची आणि ते हजारो नोंदींतून हव्या तेवढ्या निवडून देतं. मी मागितलं: शीर्षकात र, हलन्त आणि य लागोपाठ असतील त्या सगळ्या नोंदी दे. आल्या, आणि त्यांत सूर्य होता, कार्य होतं, मर्यादा, ऐश्वर्य, पर्यावरण. म्हणजे सरसकट बदल करायची सोय नाही. ‘दर्या’ हे समुद्रावरचं पुस्तक असू शकतं आणि गडकोटांच्या भटकंतीतल्या ‘दऱ्या’ही. ‘आचार्यांचे’ म्हणजे गुरूंचे की स्वयंपाक्यांचे, हे शीर्षकावरून यंत्राला कळणार नाही. मला कळतं, मामांना तर पुस्तक न उघडता कळतं. आम्ही दोघं रोज दुपारी, देवघेव मंदावली की, यादी घेऊन बसतो. मी ओळ वाचते, ते कपाटाकडे जातात आणि मुखपृष्ठावर काय छापलंय ते ओरडून सांगतात.

दुरुस्तीचीही एक शिस्त असते आणि ती पाळायला मला मनापासून आवडतं. २४५ मध्ये शीर्षक मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जसं छापलंय तसंच द्यायचं, आपण सुधारायचं नाही. शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली आले. त्याआधीच्या पुस्तकावर ‘कांहीं’ असेल तर ‘कांहीं’च. पण आजचा वाचक ‘काही’ असं शोधणार, म्हणून २४६ क्रमांकाच्या टॅगमध्ये दुसरी रूपं भरायची: असूड, आसूड, अदृश्य चिन्हाचा र, रोमन अक्षरांतलं रूप, कारण निम्मी मुलं फोनवर रोमनमध्येच टंकतात. लेखकासाठी अधिकृत नावाची वेगळी नोंद करायची. त्यात मुख्य नाव एक आणि ४०० च्या टॅगमध्ये बाकीची: जोतीराव, जोतिराव, ज्योतिराव, जोतिबा, महात्मा फुले. मग इंडेक्स पुन्हा बांधायचा. तो बांधल्याशिवाय केलेली दुरुस्ती शोधात उतरत नाही, हे एजन्सीच्या प्रशिक्षणात कुणी सांगितलंच नव्हतं. असूडची नोंद अशी पुरी करून मी ओपॅक उघडला, त्या मुलीने टंकलं होतं अगदी तसंच टंकलं, आणि दोन प्रती ‘उपलब्ध’ म्हणून आल्या. मामांना हाक मारली. ते बघून म्हणाले, ‘मग आता मला कोण विचारणार?’ मी म्हटलं, ‘मामा, अजून पाच कपाटं बाकी आहेत.’

कार्यवाहांना मी सगळं दाखवलं. माणूस वाईट नाही, ग्रंथालयासाठी पदरमोड केलेला आहे. पण त्यांना कपाटं हलवून अभ्यासिका वाढवायची आहे. स्पर्धा परीक्षांची मुलं रांगेत उभी असतात आणि त्यांच्या शुल्कावर आमचं वीजबिल भरलं जातं, हेही खरं. ते म्हणाले, ‘ताई, शीर्षकं दुरुस्त केली म्हणून लोक ती पुस्तकं नेतील याची खात्री काय?’ खात्री नाही. पण जे पुस्तक वाचकापर्यंत पोचूच दिलं नाही, ते वाचकाने नाकारलं असं कसं लिहायचं? १२ ऑगस्टला आपण ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो आणि त्यांची पाच सूत्रं म्हणतो. त्यांतलं तिसरं, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, याचा अर्थ याहून वेगळा काय असेल? हे मी त्यांना बोलले, जरा चढ्या आवाजातच बोलले.

यादी तूर्त थांबली आहे. पण मागच्या वर्षांच्या याद्यांवर सह्या होऊन पुस्तकं रद्दीत गेली आहेत. त्या याद्या मी दप्तरातून काढल्या. तिथेही रफार आहेत. त्यांतलं एखादं पुस्तक पुण्यात दुसरीकडे असेल, एखादं नसेल. ते आता एकेक करून बाकीच्या ग्रंथालयांच्या ओपॅकवर शोधते आहे, ऱ च्या सगळ्या तऱ्हा टाकून. आणि किती वाचक ‘नोंद नाही’ वाचून निघून गेले, ते काढायची काहीच वाट नाही. कोहा शोधांचा इतिहास ठेवतं, तो लॉगिन केलेल्या सभासदाचा, आणि तीही सोय चालू केलेली असेल तर. आमच्याकडे ती बंद होती. मी चालू करून घेतली आहे.

पुढच्या बैठकीत माझा अर्ज आहे. निव्वळ अहवालावरून एकही प्रत निर्लेखित होऊ नये, तालिकेची नोंद पुस्तकाशी ताडून पाहिल्याची सही आधी असावी, आणि त्या सहीसाठी मामांचं नाव माझ्या नावाच्या शेजारी असावं.