कोंबडे गेले, तक्रार राहिली

आमच्या परसातील शेवटचा जादा कोंबडा ऑगस्ट २०२३च्या दुसऱ्या आठवड्यात घराबाहेर गेला; त्याच्याविरुद्धची तक्रार मात्र दसरा उलटून गेल्यावर निकाली निघाली. मधले अडीच महिने नसलेल्या कोंबड्यांचा हिशेब देत मी एका कार्यालयाचे जिने चढत-उतरत होतो. घरगुती कोंबडीपालनात कोंबडे कसे कमी करावेत याविषयी मला चार अनुभवाच्या गोष्टी सांगायच्या आहेत, पण त्या कार्यालयाविषयीचा राग अजून पुरता निवळलेला नसल्यामुळे त्या जशा आठवतील तशाच येतील.

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी आमचे घर आहे आणि घरामागे लहानसे परस आहे. निवृत्तीनंतर मी तिथे पाच गावरान कोंबड्या आणि एक कोंबडा पाळला. त्या वर्षी फाल्गुनात दोन कोंबड्या एकदमच खुडूक बसल्या, तेव्हा मी त्यांच्याखाली २४ अंडी ठेवली आणि २१ दिवसांनी, पाडव्याच्या तोंडावर, १९ पिल्ले निघाली. बोका आणि घार यांनी आपापला वाटा उचलल्यावर १५ उरली. अंडी निवडून देताना शेजारच्या आजी शपथेवर सांगत होत्या की लांबट अंड्यात कोंबडा असतो आणि गोल अंड्यात तलंग, म्हणजे मादी, असते. मी गोल अंडीच बसवली आणि १५ पैकी ९ कोंबडे निघाले. पिल्लू नर होणार की मादी हे कोंबडीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरते, अंड्याच्या आकारावरून ते कळत नाही, हे मी बत्तीस वर्षे विज्ञान शिकवूनही आजींपुढे बोललो नाही.

नर ओळखायला फार थांबावे लागत नाही. आठव्या-दहाव्या आठवड्यात तुरा लाल होऊन वर येऊ लागतो, पाय जाड दिसतात आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत शेपटीच्या अलीकडे पाठीवर अरुंद, टोकदार, चकाकणारी पिसे फुटतात. तलंगांची तिथली पिसे टोकाला गोल राहतात. म्हणजे जूनच्या सुरुवातीलाच मला नऊचा आकडा पक्का कळला होता. शासनाच्या योजनेत तलंगांचा गट मिळतो तेव्हा २५ माद्यांमागे ३ नर देतात. आमच्याकडे ११ माद्यांमागे १० नर झाले होते. नुसत्या अंड्यांसाठी तर एकही कोंबडा लागत नाही, कारण कोंबडी कोंबड्याशिवायही अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. जुलै उजाडेपर्यंत पांढऱ्या कोंबडीच्या दोन पंखांमधली पिसे तळहाताएवढ्या जागेत झडून गुलाबी कातडी उघडी पडली होती आणि ती दिवसभर पाण्याच्या टाकीमागच्या सांदीत उभी राहून फक्त दाण्यापुरती बाहेर येत असे. शिवाय हे नऊ जण मिळून रोज जवळजवळ किलोभर भरडा फस्त करत होते.

तरीही मी थांबलो, आणि ही चूक सर्वस्वी माझी होती. आषाढ १९ जूनला लागला, तेव्हा कोंबडे तेरा आठवड्यांचे होते आणि किलोभरही भरत नव्हते, म्हणून आणखी थोडे भरू द्यावेत असा मी विचार केला. भिंतीवरचे पंचांग उलटून पाहिले असते तर पुढचे पान दिसले असते. त्या वर्षी श्रावण अधिक होता. १७ जुलैच्या अमावास्येनंतर अधिक श्रावण, त्याला लागून निज श्रावण, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापर्यंत वशाट बंद. त्यापाठोपाठ गणपती, पितृपंधरवडा आणि नवरात्र. त्यातही अमावास्या सोमवारी आल्यामुळे बहुतेकांनी आखाड आदल्या रविवारीच उरकला. त्या एका रविवारी माझे दोन कोंबडे दारातूनच सहाशे-सहाशे रुपयांना गेले आणि एक आमच्याच घरी काळ्या मसाल्याच्या रश्शात गेला. उरले सहा.

मंगळवारी मी कोंबड्यांच्या व्यापाऱ्याकडे गेलो तेव्हा त्याने दोन बोटे वर केली. "गुरुजी, आता दोन-दोन श्रावण हायेत. बॉयलरच्या भावात देता का बोला." गावरान कोंबडा बॉयलरच्या भावात द्यायचा हा मला अपमान वाटला आणि मी परत आलो. तीन आठवड्यांनी त्याच भावात त्यालाच चार कोंबडे दिले, तेव्हा मधल्या काळातल्या दाण्याचा खर्च वजा करता तो अपमान मला चांगलाच महाग पडला होता.

दरम्यान मोटारसायकलवरून आलेला एक गृहस्थ तांबड्या कोंबड्यासाठी हजार रुपये द्यायला तयार झाला. त्याने कोंबडा काखेत घेतला, छाती चाचपली आणि पायामागच्या काट्याची जेमतेम फुटलेली गाठ अंगठ्याने दाबून पाहिली, तेव्हा तो कशासाठी नेतो आहे हे माझ्या लक्षात आले. कोंबड्यांची झुंज लावणे हा १९६०च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. मी कोंबडा परत मागून घेतला. खाण्यासाठी कोंबडा देणे आणि फाडून घेण्यासाठी देणे यांत फरक आहे, असे मला वाटते. घरात यावर मतभेद झाले, कारण हजार रुपये हजार रुपये असतात.

आता आरवण्याविषयी. पहाटे साडेतीनच्या सुमारास जुना कोंबडा पहिली बांग देई आणि मग बाकीचे सहा पाळीपाळीने सुरू होत. मी जुन्याला माझ्या एका माजी विद्यार्थ्याच्या शेतावर पाठवले, तर दुसऱ्याच पहाटे तांबड्याने पहिली बांग दिली. जपानमधील नागोया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली हेच दाखवले आहे की कळपातला सर्वांत वरचढ कोंबडा आधी आरवतो आणि त्याला काढले की दुसऱ्या क्रमांकाचा त्याची जागा घेतो. त्याआधी २०१३ साली त्यांनी हेही दाखवले होते की पहाटेचे आरवणे शरीरातल्या घड्याळावर चालते आणि बाहेर उजाडले नसले तरी होते. हे मी वाचले ते उशिरा. तोपर्यंत मी डालग्यावर दुहेरी गोणपाट टाकून अंधार करण्याचा प्रयोग केला होता. कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही हे लहानपणापासून ऐकले होते, पण झाकलेले कोंबडे आरवायचेही राहत नाही हे त्या दिवशी कळले. आणि सकाळी गोणपाट काढले तेव्हा एक कोंबडा चोच उघडी टाकून धापा टाकत होता. कृपया कोणी हा प्रयोग करू नये.

शेजाऱ्यांची मुलगी बारावीला होती आणि नीटची तयारी करत होती. लातूर जिल्ह्यात राहून ज्याला नीटचे घर म्हणजे काय हे माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. ती रात्री एकपर्यंत अभ्यास करी आणि साडेतीनला आमचे सहा जण तिला उठवत. तिचे वडील मला दोनदा नम्रपणे सांगून गेले. दोन्ही वेळा मी "या आठवड्यात करतो" म्हणालो आणि केले नाही. तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे न येता कार्यालयात गेले, याबद्दल मला त्यांना दोष देता येत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, एवढे त्यांनी अर्जात लिहिले होते. मला सात दिवसांत कोंबड्यांचा बंदोबस्त करण्याची नोटीस आली.

बंदोबस्त सहा दिवसांत झाला. दोन कोंबडे त्याच माजी विद्यार्थ्याने शेतावरच्या माद्यांसाठी नेले. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्यात बर्ड फ्लूने शेकडो कोंबड्या दगावल्या होत्या, तेव्हापासून तो बाहेरून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय कळपात सोडत नाही, आणि ही सवय सर्वांनी लावून घ्यावी. चार कोंबडे वर सांगितल्याप्रमाणे व्यापाऱ्याकडे गेले. मी समाधानाने अर्ज लिहिला की सर्व कोंबडे हलवले आहेत, सबब तक्रार बंद करावी, आणि तो घेऊन कार्यालयात गेलो.

तेथील लिपिकाने अर्ज वाचला आणि मला एक छापील नमुना दिला. तक्रार "पाळीव व मोकाट जनावरे" या सदराखाली नोंदवली गेली होती, त्यामुळे ती त्याच सदराच्या नमुन्यातून बंद होणार होती. नमुन्यात जनावराचा प्रकार, रंग, शिंगे असल्यास वर्णन आणि कानातील बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक असे रकाने होते. गाई-म्हशींच्या कानात पिवळा बिल्ला असतो तो क्रमांक. मी प्रकारात "कोंबडा", रंगात "तांबडा, काळा, कवडा वगैरे" आणि शिंगांपुढे "नाहीत" असे लिहिले आणि बिल्ल्याचा रकाना मोकळा सोडला. लिपिकाने कागद परत केला. मोकळा रकाना संगणक स्वीकारत नाही, असे त्याचे म्हणणे होते.

"मग काय लिहू?"

"नंबर लिहा."

"कोंबड्याला बाहेर दिसणारा कान नसतो हो."

"ते मला समजतंय, सर. संगणकाला नाही समजत."

मला तो माणूस वाईट वाटला नाही, आणि राग येण्याचे खरे कारण तेच होते, कारण ज्याच्यावर चिडावे असे त्या खोलीत कोणी नव्हते. त्याने मला पशुवैद्यकीय दवाखान्यातून दाखला आणण्याचा सल्ला दिला. दाखला जोडला तर साहेब हाताने शेरा मारून तक्रार बंद करू शकतील, असे तो म्हणाला. दवाखान्यातील डॉक्टरांनी माझे शांतपणे ऐकून घेतले. हजर कोंबड्याच्या प्रकृतीचा दाखला देता येतो, गैरहजर कोंबड्याच्या गैरहजेरीचा देता येत नाही, असे त्यांनी सांगितले आणि माझ्या उरलेल्या कोंबड्यांना मानमोडीची लस कधी दिली होती ते विचारले. मला आठवत नव्हते. ही एक गोष्ट वहीत लिहून ठेवावी. आणि कोणत्याही कोंबड्याला औषध दिले असेल तर ते अंगातून जाईपर्यंत किती दिवस थांबायचे हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो खाऊ किंवा विकू नये.

मी परत कार्यालयात गेलो तेव्हा दाखल्याऐवजी स्थळपाहणी चालेल असे ठरले. पाहणीला येणारा कर्मचारी कधी दौऱ्यावर असे, कधी सुट्टीवर. सप्टेंबर उजाडला तसे मुक्तिसंग्रामाच्या अमृत महोत्सवाची तयारी सुरू झाली. १६ सप्टेंबरला छत्रपती संभाजीनगरात मंत्रिमंडळाची बैठक होती आणि आमच्या तालुक्यातला शिपाईसुद्धा त्या कामात असल्यासारखा बोलत होता. ते संपल्यावर जुनी दप्तरे काढून कुणबी नोंदी शोधण्याचे काम निघाले. त्या कामांपुढे माझे कोंबडे क्षुल्लक होते हे मला मान्य आहे. परंतु दर पंधरा दिवसांनी माझ्या फोनवर "आपल्याविरुद्धची तक्रार प्रलंबित आहे" असा संदेश येई, आणि आयुष्यात कधी हजेरीपटावर लाल शेरा न घेतलेल्या माणसाला तो संदेश झोंबत असे.

अखेर पाहणी झाली ती दुपारी साडेबाराला. कर्मचाऱ्याने परसात उभे राहून पाच मिनिटे कान देऊन ऐकले आणि "आवाज नाही" असे लिहिले. दुपारी साडेबाराला कोंबडे असते तरी बहुधा दुसरे काही लिहावे लागले नसते. मग त्याने माद्या मोजल्या आणि एका मोठ्या तुऱ्याच्या तलंगेकडे बोट करून हा कोंबडा नाही का, असे विचारले. मी तिला पकडून तिच्या शेपटीजवळची गोल टोकाची पिसे बोटांनी पसरून दाखवली. त्याचे समाधान झाले नाही. तेवढ्यात शेजारी गच्चीवरून खाली आले आणि म्हणाले, "अहो, तक्रार माझी आहे. कोंबडे ऑगस्टमध्येच गेले. पोरगी झोपते आता." पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या लागत होत्या, एक आजींनी अंगठा उठवून दिली आणि दुसरी तक्रारदाराने स्वतः केली. दसऱ्यानंतर मला जे पत्र आले त्यात मोकाट श्वानांचा बंदोबस्त करण्यात आल्याने प्रकरण बंद करण्यात येत आहे, असे छापले होते. मी ते दुरुस्त करून घ्यायला गेलो नाही.

एक सांगायचे राहिले. कोंबडे नेताना पाय बांधून उलटे लोंबकळत नेऊ नयेत; अंधार पडल्यावर खुराड्यातून अलगद उचलले तर ते मुळीच झटापट करत नाहीत आणि हवेशीर पाटीत निमूट बसतात. मी चौघांना भर दुपारी पकडायला गेलो आणि माझ्या मनगटावर त्याचा वण अजून आहे.

आता आमच्याकडे एकही कोंबडा नाही. कोंबडी खुडूक बसली की शेतावरच्या कळपातली फळलेली अंडी आणून तिच्याखाली ठेवतो, आणि ती संक्रांतीच्या सुमारासच ठेवतो, म्हणजे उन्हाळ्यापूर्वी पिल्ले निघतात आणि आखाड लागेपर्यंत त्यांतले कोंबडे वीसेक आठवड्यांचे होतात. पांढऱ्या कोंबडीच्या पाठीवर पुन्हा पिसे आली आहेत. परवा ती अवेळीच खुडूक बसली, तेव्हा आजी सात गोल अंडी पदरात घेऊन आल्या होत्या. मी आधी पंचांग काढले.