गांडुळं वेचत असिसीला

गुब्बिओतून निघालो तेव्हा पाऊस नुकताच थांबला होता. इटलीतल्या उंब्रियाच्या डोंगरांमधून असिसीपर्यंत साधारण ४५ किलोमीटरची ही पायवाट, आम्ही चौघं ती तीन दिवसांत चालणार होतो. दिंडी नाही, पताका नाहीत, तरी मी तिला मनातल्या मनात वारीच म्हणत होतो. सुमारे ८०० वर्षांपूर्वी असिसीचा संत फ्रान्सिस उलट दिशेने, असिसीहून गुब्बिओला, याच मुलखातून चालत गेला होता. बापाचा कापडाचा धंदा सोडून, अंगावरचे कपडेसुद्धा बापाला परत करून.

पहिल्याच तासात आमची चाल मंदावली. ओल्या रस्त्यावर जागोजाग गांडुळं आली होती, आणि आमचे फादर दर चार पावलांवर वाकून एकेक उचलत, बाजूच्या गवतात ठेवत. त्यांची सत्तरी उलटलेली. मला राहवलं नाही.

"फादर, असंच चाललं तर आपण नाताळला पोचू."

"मग नाताळला पोचू. फ्रान्सिस हेच करायचा. त्याच्याच पंथातल्या चेलानोच्या थॉमसनं त्याच्या चरित्रात लिहून ठेवलंय."

त्याच चरित्रातल्या आणखी दोन गोष्टी त्यांनी चालता चालता सांगितल्या. लाकूड तोडायला जाणाऱ्या आपल्या पंथातल्या बंधूंना फ्रान्सिस बजावायचा, झाड मुळापासून तोडू नका, त्याला पुन्हा फुटायची आशा राहू द्या. माळ्याला सांगायचा, बागेच्या कडा खणू नकोस, तिथे गवत आणि फुलं आपली आपण येऊ देत. मला दुसरी गोष्ट जास्त आवडली. झाड वाचवा म्हणणारे पुष्कळ भेटतात, तण राहू द्या म्हणणारा विरळा.

दुसऱ्या दिवशी चढावर वाद झाला. उकरून मीच काढला. बायबलातल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात माणसाला पृथ्वीवर सत्ता चालवायला सांगितलंय, ते वचन माझ्या घशात कायम अडकतं. १९६७ साली लिन व्हाइट या इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहून निसर्गाच्या दुर्दशेचा मोठा दोष पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारावर ठेवला होता. मी तो फादरांना ऐकवला.

"पान उलट," ते म्हणाले. "दुसऱ्या अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो तो तिची मशागत आणि राखण करायला. राखण करण्यासाठी तिथे जो हिब्रू शब्द आहे, शमार, तोच आपल्या आशीर्वादात आहे. परमेश्वर तुझं रक्षण करो. देवानं आपल्याला जसं जपावं असं वाटतं, तसं बागेला जपायचं."

मुद्दा बिनतोड होता. पण पहिल्या वचनाच्या आडोशाने जी जंगलं कापली गेली, ती व्याकरणानं परत उगवत नाहीत, हेही मी त्यांना सांगितलं. ते हो म्हणाले आणि सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवायच्या, बायबलातल्याच 'लेवीय' पुस्तकातल्या नियमाकडे वळले. जमिनीलाही शब्बाथ, म्हणजे विसावा हवा, आणि त्या वर्षी आपोआप उगवेल ते गडीमाणसांनी, परक्यांनी आणि जनावरांनीही खावं! गंमत म्हणजे व्हाइटनेच लेखाच्या शेवटी फ्रान्सिसला पर्यावरणवाद्यांचा आश्रयदाता संत करा असं सुचवलं होतं. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी ते खरोखर केलं.

तिसऱ्या दिवशी असिसीत शिरलो. बॅसिलिका, म्हणजे तिथलं मोठं चर्च पाहिलं, गर्दीत फार थांबलो नाही. शहराखाली जैतुनाच्या झाडांमध्ये सान दामियानोचं चर्च आहे, मला तिथे जायचं होतं. १२२५ साली फ्रान्सिस इथे आजारी पडून होता. डोळे जवळजवळ गेलेले, उजेड सहन होत नव्हता. आणि अशा माणसानं इथे सूर्याला भाऊ म्हणणारं स्तोत्र रचलं. चंद्र बहीण, वारा भाऊ, पाणी बहीण, पृथ्वी बहीणही आणि आईही. लॅटिनमध्ये नव्हे, लोकांच्या उंब्रियन बोलीत. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी पर्यावरणावर जे पत्र काढलं, त्याचं 'लाउदातो सी' हे नाव याच स्तोत्रातलं. मला वाटतं, त्या सगळ्या पत्राचं बी या नात्यात आहे. मालकाला हिशेब पुरतो, सोयऱ्याचं तसं नसतं.

भिंतीला टेकून बसल्यावर तीन दिवस टाळलेला प्रश्न विचारला.

"फादर, आपण विमानानं आलो. त्या धुराचा हिशेब गांडुळं उचलून फिटतो का?"

"नाही फिटत," ते म्हणाले, आणि बूट काढून टाचेवरचा फोड बघू लागले.